डाळिंबाची काडी लावायचीये? मग आधी हे वाचा

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही राहू द्या. काडीला पान फुटलं म्हणजे खाली मूळ फुटलं असं नसतं. मी पहिल्यांदा १२ काड्या लावल्या होत्या, पंधरा दिवसांत सगळ्यांना लालसर कोवळी पानं आली, इतका आनंद झाला की लगेच त्या उपटून मोठ्या कुंड्यांत लावायला घेतल्या, आणि उपटल्यावर बघते तर एकीलाही मूळ नाही, खालचं टोक नुसतं जाडसर आणि पांढरट झालेलं. आठवड्याभरात बाराच्या बारा वाळल्या. नंतर कळलं की काडीत आधीचं अन्न साठवलेलं असतं, त्याच्या जोरावर डोळे, म्हणजे काडीवरचे बारीक कोंब, फुटतात आणि पानं येतात, मुळं मागाहून सावकाश येतात, आणि ते पांढरट जाडसर होणं म्हणजे कॅलस, म्हणजे मुळं येण्याच्या आधीची पायरी. अजून महिनाभर हात लावला नसता तर बहुतेक जगल्या असत्या. डाळिंब तसं खूप चिवट झाड आहे हो, ऊन सोसतं, पाण्याची ओढ सोसतं, खारी चुनखडीची जमीनसुद्धा बरीच चालवून घेतं, फक्त सारखं सारखं हलवलेलं आणि सारखं पाणी घातलेलं त्याला चालत नाही.

बी, काडी, गुटी की फुटवा

चार प्रकारे नवीन झाड करता येतं. बी आणि काडी माहितीच आहे, गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणायची, आणि फुटवा म्हणजे बुंध्यातून आलेली नवी फांदी. हाताशी फक्त फळ असेल तर बी लावा, पण एक समजून घ्या, बियांपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. गोड मऊ बियांच्या फळातून आलेलं रोप मोठं होऊन आंबट आणि कडक बियांची फळं देऊ शकतं, आणि हे कळायला ४-५ वर्षं थांबावं लागतं, कधी जास्तच. कधीतरी उलटंही होतं, गणेश ही नावाजलेली जात मुळात बियांच्या रोपांमधूनच निवडून काढलेली आहे, पण असं एक झाड सापडायला किती रोपं वाढवावी लागत असतील विचार करा. म्हणून फळं हवी असतील तर काडी किंवा गुटी, आणि मुलांना दाखवायला, किंवा नुसती उगवण बघायची हौस म्हणून बी.

बी लावायचीच असेल तर पिकलेल्या फळाचे दाणे कापडात घेऊन चोळा, वरचा गर पूर्ण निघाला पाहिजे, गर राहिला की बुरशी धरते. स्वच्छ धुवून सावलीत दोन दिवस सुकवा, मग १ सेंमी खोल पेरा, माती ओलसर ठेवा आणि कुंडी उबदार जागी ठेवा. २ ते ४ आठवड्यांत कोंब दिसतात, हवा गार असेल तर अजून वेळ लागतो. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की वेगळं करा. बियांचं एवढंच, आता काडीकडे येऊ कारण खरं काम तिथे आहे.

काडी कुठल्या झाडाची घ्यायची

इथे घाई करू नका, मी तर म्हणते अर्धं यश इथेच ठरतं. काडीपासून झालेलं झाड म्हणजे त्या जुन्या झाडाचाच तुकडा, जे गुण ते गुण आणि जे रोग तेही रोग. त्यामुळे ज्या झाडाची काडी घेणार त्याची फळं निदान एकदा तरी स्वतः खाऊन बघा, आणि झाड नीट न्याहाळा. पानांवर तेलकट काळपट डाग आणि त्याभोवती पिवळसर कडा दिसली, फांद्यांवर काळे चट्टे पडून तिथे फांदी मोडत असेल, फळांवर काळ्या डागातून इंग्रजी वाय सारखी चीर गेली असेल तर तो तेल्या आहे, बॅक्टेरियाचा रोग, आणि तो काडीबरोबर तुमच्या घरी येतो. अशा झाडाची काडी कितीही चांगल्या जातीची असली, कुणी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. नर्सरीतून रोप आणतानाही हेच बघा, आणि जातीचं नाव विचारून घ्या, भगवा, गणेश, मृदुला, वंडरफुल अशा जातींची फळं रंगाला, चवीला आणि बियांच्या मऊपणाला चांगलीच वेगळी असतात. आणि कुंडीत शोभेसाठी नाना नावाची बुटकी जात मिळते, ती दिसायला फार गोड, पण तिची फळं इवलीशी असतात, खायच्या आशेने आणू नका.

काडी लावायची पद्धत

१. वेळ. झाडाची पानं गळलेली असतात किंवा वाढ थांबलेली असते तेव्हा, म्हणजे थंडी संपत येताना, नवीन डोळे फुगायच्या थोडं आधी. छाटणी करायची तीच वेळ, त्यामुळे काड्या आयत्या मिळतात.

२. फांदी निवडणं. मागच्या हंगामात वाढलेली, पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी-करड्या सालीची. डाळिंबाची कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवून बघा, चौकोनी लागते, कडा हाताला जाणवतात, आणि जून झाली की ती गोल होते. चौकोनी कोवळी नको, खूप जाड म्हातारीही नको, नुकतीच गोल झालेली घ्या. नखाने थोडी साल खरवडली तर आत हिरवं दिसलं पाहिजे.

३. कापणं. २० ते २५ सेंमी लांब, ४-५ डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली आणि तिरका, वरचा काप वरच्या डोळ्याच्या साधारण १ सेंमी वर आणि सरळ. तिरका-सरळ करायचं मुख्य कारण म्हणजे खाली कुठलं आणि वर कुठलं ते नंतर विसरायला होतं, आणि उलटी लावलेली काडी काही लागत नाही. काटे आणि पानं काढून टाका. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसा.

४. रूटिंग हार्मोन. आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं हार्मोन) असलेली पावडर मिळते, काडीचं खालचं टोक ओलं करून पावडरीत टेकवायचं आणि जास्तीची झटकून टाकायची, थर चढवायचा नाही. पावडर नसेल तरी डाळिंबाच्या काड्या बऱ्यापैकी लागतात, फक्त दोन-चार जास्त लावा.

५. माध्यम. इथे खत अजिबात नको. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मी जाड वाळू किंवा पर्लाइट (पांढरे हलके खडे), बस. नवीन लोक प्रेमापोटी शेणखत घालतात आणि काडी खालून कुजते, कारण मुळंच नाहीत तर खत खाणार कोण.

६. लावणं. निदान २० सेंमी खोल कुंडी किंवा पिशवी घ्या, खाली भोकं हवीतच. आधी एखाद्या काटकीने खड्डा करा, काडी सरळ खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. काडीचा दोन तृतीयांश भाग आत, वर दोन डोळे, आणि आजूबाजूची माती बोटांनी घट्ट दाबा, काडी हलता कामा नये.

७. जागा आणि पाणी. उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. पाणी रोज घालायचं म्हणून घालू नका, बोट दोन पेरं आत घालून बघा, ओलसर लागलं की राहू द्या. पानं नसलेल्या जून काडीला वरून प्लास्टिक झाकायची गरज नसते, उलट आत बुरशी होते.

आणि मग थांबायचं. साधारण ६ ते ८ आठवडे. माझ्यासारखा धीर धरवत नसेल तर एक करा, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीचं वरचं तोंड कापून, तळाला भोकं पाडून त्यात काडी लावा आणि बाहेरून काळा कागद गुंडाळा. आठवड्यातून एकदा कागद सोडून बघायचं, पांढरी दोऱ्यासारखी मुळं भिंतीला टेकलेली दिसली की समजायचं आणि कागद परत गुंडाळायचा, मुळांना अंधार लागतो. अशी बघितलेली पहिली मुळं मला अजून आठवतात, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक आणि टोकाला जवळजवळ काचेसारखी. ती इतकी नाजूक असतात की हलवलं की तुटतात, त्यामुळे दिसली तरी लगेच काढू नका. अडीच-तीन महिने झाले, पानांची दुसरी वाढ जोमाने सुरू झाली की मग मातीच्या गोळ्यासकट मोठ्या कुंडीत. त्याआधी आठवडाभर थोडं थोडं ऊन दाखवायची सवय करा.

दहा काड्यांतल्या सहा-सात लागल्या तर छान झालं म्हणायचं. काही काड्या पानं येऊन मग मान टाकतात, त्यात तुमचं दरवेळी काही चुकलेलंच असतं असं नाही.

गुटी

एकदोनच रोपं हवी असतील आणि ती थोडी मोठी हवी असतील तर गुटी उत्तम, कारण मुळं येईपर्यंत फांदी आईच्या झाडावरच असते, उपाशी राहत नाही. हवेत ओलावा असतो ते दिवस, म्हणजे पावसाळी हवा, यासाठी चांगले. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी घ्या, टोकापासून दीड-दोन फूट मागे अडीच सेंमी रुंदीची सालीची पूर्ण रिंग काढा. साल काढली की खाली ओलसर निसरडा थर असतो, तो सुरीच्या पाठीने खरवडून टाका, नाहीतर साल परत जुळते आणि मुळं येतच नाहीत. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली येतं, रिंग काढली की ते वरच्या काठाशी अडतं आणि मुळं तिथूनच फुटतात, म्हणून हार्मोन पावडर वरच्या काठाला लावा, खालच्या नाही. मग भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं वाळलेलं शेवाळ) मूठभर त्याभोवती, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं करकचून बांधायची, पाणी आत शिरायला नको आणि आतली ओल बाहेर जायला नको. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात, आधी पांढरी मग तपकिरी. तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खाली फांदी निम्मी कापा, आठवड्याने पूर्ण कापा, म्हणजे धक्का कमी बसतो. प्लास्टिक काढायचं, मॉस काढायचं नाही, तसंच मातीत लावायचं आणि काही दिवस सावलीत ठेवायचं.

झाडाच्या बुंध्यातून जे फुटवे येतात ते मुळांसकट वेगळे करूनही लावता येतात, सगळ्यात सोपं हेच. फक्त ते मूळ झाड स्वतःच्या मुळांवर आहे, कलम केलेलं नाही, एवढं बघा, नाहीतर खालच्या खुंटाचंच झाड वाढवत बसाल.

कुंडी, माती, ऊन

सुरुवात ८-१० इंची कुंडीत करा आणि झाड वाढेल तसं १८ ते २४ इंचांपर्यंत जा. छोट्या रोपाला एकदम ड्रमएवढी कुंडी दिली तर माती दिवसेंदिवस ओलीच राहते आणि मुळं कुजतात. मातीत निम्मी बागेची माती, पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, पाव भाग जाड वाळू. पाणी घातलं की मिनिटभरात खालून निघायला लागलं पाहिजे, हीच परीक्षा. जमिनीत लावायचं असेल तर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, आणि पाणी साचणारी जागा असेल तर खड्डाच घेऊ नका, उंचवटा करून त्यावर लावा.

ऊन रोज ६ तास तरी थेट हवं, ८ असेल तर अजून चांगलं. सावलीत डाळिंब जगतं, हिरवंगार दिसतं, पण फुलत नाही.

थंडीत पानं पिवळी होऊन गळाली तर घाबरू नका, थंड हवेत ते पानगळीचं झाड आहे. दर वर्षी कुणीतरी असं विश्रांती घेणारं झाड मेलं समजून उपटून टाकतं, खूप वाईट वाटतं. नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, पाणी कमी करा आणि वाट बघा. पूर्ण विश्रांतीतलं मोठं झाड उणे १० अंशांच्या आसपासची थंडीही काढू शकतं, पण कुंडीतल्या मुळांना तेवढं संरक्षण नसतं, बर्फ पडत असेल तर कुंडी आडोशाला घ्या.

पाणी आणि खत

पाण्याचा नियम असा की एकदा घालाल तेव्हा भरपूर, आणि मग वरची दोन इंच माती सुकेपर्यंत थांबायचं. फळं झाडावर असताना मात्र यात सातत्य पाहिजे. आठ दिवस विसरलो आणि मग एकदम बादलीभर ओतलं की फळ तडकतं, कारण कोरड्या दिवसांत साल कडक होऊन बसते आणि पाणी मिळाल्यावर आतले दाणे झटकन फुगतात, सालीला ताणच देता येत नाही. बोरॉनची कमतरता असली तरी फळं तडकतात, पण घरी बहुतेक वेळा कारण पाणीच असतं. मातीवर वाळलेल्या पानांचा दोन इंची थर घातला तर ओल एकसारखी राहते, फक्त खोडाला चिकटवून ठेवू नका.

खत वर्षातून दोनतीनदा, कुंडीत गांडूळखत दोन-तीन मुठी. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड फांद्या आणि पानंच काढत बसतं, म्हणून फुलायच्या वेळी युरियासारखं काही घालू नका, त्याऐवजी पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेलं खत द्या.

छाटणी

डाळिंब स्वभावाने झुडूप आहे, बुंध्यातून सारखे फुटवे काढतं. एक खोड ठेवा किंवा तीन-चार ठेवा, पण ठरवा आणि बाकीचे दिसतील तसे काढत रहा. माझं मत विचाराल तर तीन ठेवावीत, खोडकिड्याने किंवा थंडीने एक गेलं तरी झाड राहतं. फळं येतात ती जुन्या लाकडावरच्या आखूड काड्यांवर आणि फांद्यांच्या टोकांना, त्यामुळे दर वर्षी सगळी टोकं कात्रीने एकसारखी कापली, कुंपणासारखी, तर फुलंच कापली जातात. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वाढणाऱ्या आणि सरळ वर जाणाऱ्या रसरशीत फांद्या काढा, मधे उजेड जाऊ द्या, एवढं पुरे.

फुलं का गळतात

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो, आणि याचं उत्तर फूल हातात घेऊन बघितलं की मिळतं. एक गळलेलं फूल उचला. त्याचा देठाकडचा भाग निमुळता, घंटेसारखा असेल, तर ते नर फूल, त्यातून फळ होणारच नव्हतं, गळणं हेच त्याचं काम. आता झाडावर बघा, काही फुलांचा देठाकडचा भाग फुगीर, गोल, छोट्या मडक्यासारखा दिसेल, ती फळ धरणारी फुलं. त्यातलं एक उभं चिरून बघितलंत तर मधे जाड, लांब, पुंकेसरांच्या बरोबरीला आलेला स्त्रीकेसर दिसतो, घंटेच्या फुलात तो आखूड आणि खुरटा असतो. एकाच झाडावर दोन्ही असतात, आणि नर फुलं पुष्कळदा जास्तच असतात. कोवळ्या झाडावर तर सुरुवातीला जवळपास सगळी नरच येऊ शकतात, ते सुधारत जातं.

मडक्यासारखी फुलंही गळत असतील तर मग कारण शोधा, पाण्याची ओढाताण, ऊन कमी, नत्र जास्त, किंवा मधमाश्या येत नाहीत. डाळिंबाला दुसरं झाड लागत नाही, एकट्या झाडाला फळं धरतात, पण उंच बाल्कनीत किडे पोचत नसतील तर सकाळी मऊ ब्रशने नर फुलातले पिवळे परागकण मडक्याच्या फुलात हलकेच फिरवा, चांगला फरक पडतो.

काडीच्या झाडाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलं येतात. पहिल्या दोन वर्षांची फुलं खुडा, मन होत नाही मला माहितीये, पण बारीक फांदीला फळाचं वजन पेलत नाही आणि झाड खुरटतं. नंतरही एका घोसात एकच फळ ठेवा. शेतीत पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि मग बहार धरतात, म्हणजे एकदम फुलं आणतात, कुंडीत हे करू नका, कुंडीतली माती इतक्या लवकर सुकते की ताणाऐवजी झाडच जातं.

कीड

मावा, पिठ्या ढेकूण, फुलकिडे यांच्यासाठी लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि द्रव साबणाचे काही थेंब, संध्याकाळी फवारायचं, पानांच्या खालच्या बाजूनेही. खरा शत्रू म्हणजे डाळिंबाचं फुलपाखरू, त्याची अळी कोवळ्या फळात भोक पाडून आत जाते आणि मग काहीच करता येत नाही. फळ लिंबाएवढं झालं की त्याला कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधा, फवारणीपेक्षा हेच जास्त उपयोगी. भोक पडलेली फळं झाडाखाली ठेवू नका, उचलून नष्ट करा.

फळ कधी काढायचं

फुलापासून साधारण ५ ते ७ महिने लागतात, जातीवर आणि हवेवर. डाळिंब तोडल्यावर पिकत नाही, पेरूसारखं दोन दिवस ठेवून गोड होईल असं नाही, म्हणून घाई महागात पडते. नुसत्या रंगावर जाऊ नका, काही जातींची साल लवकर लाल होते आणि आत दाणे अजून फिके असतात. फळाचा आकार बघा, कच्चं असताना ते चेंडूसारखं गोल असतं, आतले दाणे भरले की बाजू चपट्या होतात आणि हलक्या कडा दिसायला लागतात. सालीची चमक कमी होते, टोकावरचा मुकुट आत वळायला लागतो, आणि टिचकी मारली की धातूवर मारल्यासारखा आवाज येतो. काढताना ओढू नका, सिकेटरने देठाशी कापा, ओढलं की मुकुटाशी किंवा देठाशी साल फाटते आणि तिथून फळ सडतं. गार कोरड्या जागी ठेवलं तर साल सुकून आक्रसते तरी आतले दाणे आठवडेच्या आठवडे चांगले राहतात. तडकलेलं फळ मात्र त्याच दिवशी काढून संपवा.